सगळ्यात वेगवान लूप

“छे! फॉर लूपच वेगवान,” हुजैफा ठासून म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. मुलगी बघायला आलेला माणूस असं बोलतो का?

“बघायचं पळवून?” अफरीननं टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला.

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर दोन्ही घरची मोठी माणसं सांदणं खात बसली होती. हुजैफा रसायनीच्या एका कारखान्यात संगणकांचं काम बघायचा. अफरीन चौक गावातल्या या घरात बसूनच पनवेलच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. शिक्षण, आवडीनिवडी झटपट उरकून दोघं कामाच्या विषयावर घसरली होती. आकड्यांची लांबलचक रांग आहे. एकेका आकड्यापाशी जाऊन यायचं. कोणत्या पद्धतीचा लूप, म्हणजे प्रोग्रॅममधला फेरा, हे काम लवकर उरकतो? तो जुन्या फॉर लूपच्या बाजूनं भांडत होता, ती फॉरईचच्या.

खरं तर त्याला भांडायचं नव्हतं. ही मुलगी भांडताना हसते, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांतच आवडलं होतं. पण येताना गाडीत रिझवानमामूंनी बजावलं होतं, “आधीची दोन स्थळं तिनं परत पाठवलीत. तिथं मुळूमुळू बसू नको रं. छाप पाड. जिंकून ये.”

“एक कोटी आकडे,” अफरीन टाइप करत म्हणाली. “दोन्ही लूपनी सगळ्यांची बेरीज करायची. आधी माझा, मग तुमचा.”

तिनं बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. फॉरईचला फॉरच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला होता.

“हरले,” ती म्हणाली. “मान्य.”

“काय रं, झालं का तुमचं?” बाहेरून मामूंनी हाक दिली.

“जिंकलो, मामू!”

बाहेर हशा पिकला. “पोरगी बघायला आलाय का क्रिकेट खेळायला?” अफरीनचे अब्बा, झहीरभाई म्हणाले. त्यांचं हायवेला गॅरेज होतं आणि आवाजही तसाच होता.

हुजैफा खुशीत उठला. उठता उठता त्याची नजर पुन्हा पडद्यावर गेली आणि तो तिथंच थबकला. वरची ओळ तिची होती. म्हणजे तिचा लूप आधी पळाला होता. प्रोग्रॅम सुरू झाला की संगणकाला पळापळ करून आधी सगळी तयारी करावी लागते. तो वेळ पहिल्याच्या नावावर पडतो. दुसऱ्याला सगळं तयार मिळतं.

दार दोन पावलांवर होतं. मामूंना जिंकल्याचं कळलं होतं. तिनं हार मान्य केली होती. हुजैफा पुन्हा खुर्चीत बसला.

“हे काय खरं नाय,” तो म्हणाला. “तुमचा आधी पळाला. सगळी तयारी त्याच्या डोक्यावर बसली. आता उलटं करा. आधी माझा.”

“हराल हां.”

“हरू द्या.”

तिनं प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. या खेपेला फॉर मागं पडला, चांगला सणसणीत मागं पडला. हुजैफाचे कान लाल झाले.

“मग वेगवान कुठला?” तिनं विचारलं.

“यावरून काहीच सांगता येत नाय. दोघांना आधी नीट पळवून घ्यायचं, मग पुन्हा पुन्हा मोजायचं. तेव्हा कुठं कळेल.”

या वेळी अफरीन हसली नाही. तिनं लॅपटॉप मिटला आणि आत स्वयंपाकघरात निघून गेली.

बाहेर मामूंनी त्याची पाठ थोपटली. “जिंकलास ना?”

“नाय मामू. परत मोजलं तर हरलो.”

“परत? जिंकल्यावर परत कशाला मोजायचं रं?” मामूंनी कपाळाला हात लावला. “चल, चपला घाल.”

हुजैफा ओट्यावर चपला घालायला वाकला. तिसरं स्थळही परत चाललं, हे त्यानं मनाशी धरूनच टाकलं. मोठ्या माणसांचं निरोप घेणं चाललं होतं. शेजारीच स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून अफरीनची आई, सफुराबी, दबक्या आवाजात विचारत होती, “तुझं काय कळतच नाय गं. आधीचे दोघं या लॅपटॉपवर जिंकले, त्यांना नको म्हणालीस. हा हरला, तर याला हो म्हणतेस?”

“दर वेळी मी माझाच आधी पळवते, अम्मी,” अफरीन म्हणाली. “ते दोघं जिंकले तसे उठले.”