शाफ्टलाखला तुटणारी गाडी

दाराच्या वरच्या पाटीवर 'टेगर्नझे' असं झळकत होतं, आणि तिघांना जायचं होतं लेंगग्रीसला. इर्मगार्डला ते गाडी सुटल्यावर दिसलं. म्युनिकहून डोंगराकडे जाणारी ही गाडी शाफ्टलाखला तुटते. अर्धे डबे लेंगग्रीसच्या दरीत जातात, अर्धे टेगर्नझेच्या तळ्याकाठी. चुकीच्या अर्ध्यात बसलेला एखादा नवखा दर रविवारी असतोच. पण आज ह्या डब्यात त्यांना कोर्बिनियानने बसवलं होतं, आणि तो नवखा नव्हता.

तो समोर नकाशा मांडीवर पसरून बसला होता. बाजूला तिघांच्या सायकली एकाच पट्ट्याने बांधलेल्या. "लेंगग्रीसला उतरायचं," तो सांगत होता, "सावलीसावलीने खिंड चढायची, आणि पलीकडे टेगर्नझेला उतरून परतीची गाडी. मोटारवाल्याला जमेल का हे? बिचाऱ्याला मोटार लावली तिथेच परत यावं लागतं."

मोटारवाल्यांची कीव करताना तो नेहमी फुलून यायचा. आज तर फारच खुशीत होता. हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला नाव दिलं होतं, आणि तेव्हापासून मुलगी सायकल पुरे म्हणून मागे लागली होती. त्याने दोघा मित्रांना सांगून टाकलं होतं: बेत मीच आखणार. ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी थांबेन.

शाफ्टलाख आलं. लेंगग्रीसच्या प्रवाशांनी दुसऱ्या डब्यांत जावं, असं ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगून झालं. कोर्बिनियानचं बोट तेव्हा खिंडीपाशी होतं. त्याने काही ऐकलं नाही.

इर्मगार्डशेजारी बसलेला आल्टो अर्धवट उठला. इर्मगार्डने त्याच्या बुटावर पाय ठेवून दाबला. आल्टोने तिच्याकडे पाहिलं, मग कोर्बिनियानकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बसला. गाडी बराच वेळ थांबली. सायकली सोडून पलीकडे न्यायला पुरेल एवढा वेळ.

मग हा भाग निघाला. फलाटावर उरलेले डबे खिडकीतून मागे सरकले. कोर्बिनियान बोलता बोलता थांबला. थोड्या वेळाने त्याने नकाशाची घडी घातली.

"काय रे, झोप आली?" आल्टोने विचारलं.

"जरा," तो म्हणाला.

टेगर्नझेला उतरल्यावर त्याने स्टेशनचं नाव वाचलं. सायकल एका हाताने धरून तो तसाच उभा राहिला. बाकीचे प्रवासी पांगले.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "आल्टो, तू उठला होतास."

"अरे, त्यात काय एवढं," आल्टो म्हणाला. "तळं पाहून किती दिवस झाले. बरंच झालं की."

"बरं झालं?" कोर्बिनियानचा आवाज चढला नाही. चढला असता तर परवडलं असतं. "इतकी वर्षं तुम्ही मला पाव खायला बसायचं बाकसुद्धा भांडल्याशिवाय निवडू दिलं नाहीत. आणि आज दोघं चर्चमध्ये बसल्यासारखे बसलात. विसरायला होतं हे मला डॉक्टरांनी सांगितलं. मी गेल्यात जमा आहे, हे आज तुम्ही सांगितलंत."

आल्टो आपल्या सायकलचं हँडल चाचपत राहिला.

"वर जंगलात वळण चुकलो असतो तर? तिथेही मला वाईट वाटू नये म्हणून मागोमाग कड्यावरून आला असतात?" त्याने नकाशा आल्टोच्या हातात दिला. "घे. ठरलं होतं तसं थांबतो. पुढच्या गाडीने घरी जाऊ."

इर्मगार्डचे डोळे भरून आले. त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण त्या क्षणी तिने तसं केलं असतं, तर तो खरोखरच म्हातारा होऊन घरी गेला असता. तिने आल्टोच्या हातातून नकाशा हिसकावला.

"चुकीच्या डब्यात बसवलंस, गाढवा," ती म्हणाली. "हाताएवढी अक्षरं होती दारावर. आणि तोंड उघडलंच आहे तर ऐक. मागच्या वेळचा तो चढ बकऱ्यांसाठी होता, माणसांसाठी नव्हता. आणि जेवायला बसवलंस ते कुठे, तर शेणाच्या ढिगाशेजारी. आता घरीबिरी कोणी जायचं नाही. हीच वाट उलटी करायची, इकडून चढायचं आणि लेंगग्रीसला उतरायचं."

"उलटी होणार नाही ती," कोर्बिनियान ताबडतोब म्हणाला. "ह्या बाजूचा चढ उन्हात आहे. शिवाय तुझा गुडघा."

"माझ्या गुडघ्याचं नाव काढू नकोस."

"काढणार. निम्म्यात उतरून चालायला लागशील आणि खिंड येईपर्यंत मला शिव्या देशील."

"देणार," ती म्हणाली. "खिंड ओलांडल्यावरही देणार."

त्याने नकाशाचं एक टोक धरून ओढलं. तिने आपलं टोक सोडलं नाही. ओढ्याकडची वाट घ्यायची की कुरणावरची, ह्यावर दोघं तिथेच हमरीतुमरीवर आली. स्टेशनातून बाहेर पडणारी एक बाई थबकून बघायला लागली. आल्टोने आपली सायकल भिंतीला टेकवली, बाकावर बसला आणि पाव-चीजची पुडी सोडली. हे लवकर मिटणारं नव्हतं.