झाकणाचा मान

थोरलीनं सुकलेल्या तुळशीची चिमूट नाकाशी नेली, डोळे मिटले, मान डोलावली. मग केस मागे सारल्यासारखं करत तीच चिमूट हळूच कानापाशी नेऊन चुरली.

"झालं. भर," ती म्हणाली.

तिची सून पलंगावरच्या चादरीतून पाला बरणीत भरू लागली. पडदे ओढलेले, पंखा बंद. आठवडाभर पलंगावर तुळस झोपत होती नि माणसं जमिनीवर.

खुर्चीत धाकटी जाऊ चहा घेत बसली होती, रिकामी बरणी मांडीवर ठेवून. साऱ्या नात्यागोत्यात ह्याच घरची तुळस जायची. कुणी ती चहात टाकायचं, कुणी सूपमध्ये, कुणी भाजलेल्या बटाट्यांवर भुरभुरवायचं, आणि खोकला झाला की सगळेच काढा मागायचे. पण थोरलीनं वास घेऊन झाकण लावल्याशिवाय एकही बरणी घराबाहेर पडत नसे. हा मान सासूनं थोरलीला दिला होता. धाकटीचा त्यावर लग्न होऊन आल्या दिवसापासून डोळा होता.

आणि थोरलीचं नाक मागच्या तापात गेलं होतं. तुळस काय नि रॉकेल काय, तिला दोन्ही सारखंच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला ती काय वेडी होती?

"चहा कसा झालाय?" थोरलीनं विचारलं.

"झालाय," धाकटी म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. "पण जाऊबाई, दमत असाल हो आता. पुढच्या खेपेपासून बरण्या माझ्याकडे पाठवा. मी बघत जाईन."

"दमायला मी काय डोंगर चढते? पानं वाळतात, मी बसते."

धाकटीनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. "मीही थोडी वाळवलीय. बघा बरं. चांगली असली तर चांगली म्हणा, एवढंच."

पानं हिरवीगार होती. थोरलीनं लांब श्वास ओढला. काही नाही. केसांशी चाळा करत कानाशी चुरली. पानं कुरकुरली, अगदी हवी तशी. आता चांगली म्हणावं, तर खरंच चांगली असली म्हणजे मान हातचा गेला. वाईट म्हणावं, तर काय वाईट ते सांगायला हवं. धाकटी कपाच्या काठावरून टक लावून बघत होती.

"आई," सून चादर झटकता झटकता म्हणाली, "हात धुऊन येता का जरा? कपड्यांचा साबण राहिलाय वाटतं हाताला. इथवर वास येतोय."

थोरलीनं साबणाला हात लावला नव्हता. कपडे सुनेनं धुतले होते, नेहमीसारखे. तिनं सुनेकडे पाहिलं. सून चादरीकडे बघत होती.

"माझ्या हाताला कशाला?" थोरली कडाडली. "ही पुडीच घमघमतेय! धाकटे, तुळस वाळवलीस की धुतलीस गं?"

धाकटीनं पुडी हिसकून नाकाला लावली. तिचं तोंड वाकडं झालं. "न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती. तिथं सावली असते, म्हणून."

"सावली असते बाई. साबणही असतो."

धाकटीनं रागवायचा प्रयत्न केला, पण तिलाच फस्सकन हसू फुटलं. "राहू दे. माझ्या चहाला फेस तरी येईल," म्हणत तिनं आपली बरणी पुढे केली. थोरलीनं ती काठोकाठ भरून, झाकण लावून दिली. वर मूठभर जास्तच.

ती जिना उतरून गेल्याची खात्री झाल्यावर थोरलीनं विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"दूध करपलं त्या दिवसापासून. तुम्ही ओट्याशेजारीच मटार सोलत होतात. आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"मग?"

"मग काय, आई? तुम्ही नि बोलणार नाही? म्हटलं, काहीतरी मोठंच बिघडलंय."

"तेव्हाच का नाही विचारलंस?"

"म्हटलं, जरा शांतता आहे घरात, असू दे."

थोरली आधी डोळे वटारून बघत राहिली. मग अशी हसली, की पदर तोंडाशी धरावा लागला.

सुनेनं उरलेली बरणी तिच्यापुढे ठेवली नि झाकण दिलं, नेहमीसारखं. थोरलीनं ते घेतलं नाही.

"माझे हात भरलेत," ती म्हणाली. एका हातात चिमूटभर तुळस होती, दुसऱ्यात काहीच नव्हतं. "तू सांग वास कसाय. खरं सांग."

सून बरणीवर वाकली. "लवंगेसारखा. मागच्या खेपेपेक्षा तिखट."

"असणारच. मी वाळवलीय. लाव झाकण."

सुनेनं झाकण फिरवून घट्ट केलं. मग तिला राहवेना. "पण आई, वास येत नव्हता, तर इतके दिवस 'झालं' म्हणत होतात ते कसं?"

"उगाच नाही म्हणत. ये इकडे. नाक आहेच तुला, आता कान दे."

थोरलीनं अर्धी चिमूट तिच्या बोटांत ठेवली, तिचा हात कानाशी नेला नि अर्धी आपल्या कानाशी धरली. "चूर. ओली असली तर गप्प बसते. वाळली की बोलते."

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. पाहतो तर आई आणि बायको पलंगावर शेजारी शेजारी, दोघींच्या मुठी कानाला, दोघींचे डोळे मिटलेले.

"काय गं आई," तो दारातूनच म्हणाला, "कुणाचा फोन?"

"गप रे," थोरली म्हणाली. "तिला ऐकू दे."