गाठ तेवढी पक्की करा

शिशुगटाच्या ताई म्हणाल्या होत्या, "सलोनीच्या बोटांत जोरच नाही. खडूसुद्धा गळून पडतो." तेव्हापासून चार महिने मी तिच्याकडून कणकेच्या गोळ्या वळून घेतल्या, दोरीला चिमटे लावून घेतले, मणी ओवायला बसवलं. तीन मणी झाले की ती दोरा फेकायची आणि मी विचार करत बसायचे, हिला वरच्या वर्गात घेतील का?

काल माझं मंगळसूत्र तुटलं. मणी डबीत गोळा केले, सुईत दोरा घातला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. परत येऊन बघते तर सुई सलोनीच्या हातात. ओरडणारच होते, पण डबी रिकामी आणि दोरा भरलेला दिसला.

आज ते मंगळसूत्र कसबा पेठेतल्या पटवेकरी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"एका बाजूला मणी जास्त, दुसरीकडे कमी. एक वाटी उलटी. ओवणारा नवीन दिसतोय."

"कालच सुरुवात केलीय."

"सोडून नीट ओवून देतो."

"नको काका. गाठ तेवढी पक्की करून द्या."

"असंच घालणार?"

"हो. इथून थेट मुलीच्या शाळेत निघालेय."