ग्रहणातलं खुरपं

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर असू द्या. बुवांचा चहा होईतो एक गोष्ट सांगतो. आपल्या भांडगावचीच आहे, फार जुनीही नाही.

नकुशी देवळातल्या भोंग्याची वाट बघत होती. भोंग्यावर भजन सुरू झालं की सूर्यग्रहण लागलं, आणि मग पोटुशी बाईनं हात हलवायचा नाही, हे तिला पढवून ठेवलेलं. सासू, सोजरबाई, खिडकीला गोणपाट लावून भजनाला गेल्या होत्या. संगं शेजारची ताईबाई.

"चिरायचं न्हाई, खरवडायचं न्हाई, सुई धरायची न्हाई," जाताना सोजरबाईंनी पुन्हापुन्हा बजावलं होतं. "सरळ पडून ऱ्हायचं. प्वाटात लेकरू हाय, इसरू नगंस."

विसरणार कशी? आधीची दोन पोटातच गेली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रानात जायचं बंद केलं, तेव्हापासून नकुशी घरातच अडकलेली. बसून बसून जीव आंबला, म्हणून तिनं माजघरामागची खोली सजवायला घेतली. जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. फळीवर रंगीत कागद लावला. कोनाड्याला निळीचा चुना दिला.

"लेकरू येतंय का कलेक्टर तपासणीला येतोय?" सोजरबाई म्हणायच्या. पण चुना भिजवून त्याच द्यायच्या.

आता एकच जागा राहिली होती. पाळणा टांगायचा तिथं भिंतीला पोपडा फुगला होता. भोंगा अजून गप्प होता. तेवढ्यात होतंय, असं म्हणत नकुशीनं खुरपं घेतलं. पोपडा निघाला, त्याच्याशेजारचा निघाला, ती कामात रंगून गेली. कौलातल्या काचेतून येणारा उजेड मंद झाला. आभाळ आलं असंल, असं तिला वाटलं.

मग माजघरातला बल्ब आपोआप लागला आणि भोंगा एकदम गरजला. अभंग पार चढात आला होता. टाळ बेभान वाजत होते.

लाइट गेली होती. भजन कधीचंच सुरू होतं.

खुरपं तिच्या हातातून गळालं.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्या जागेवर चुना फासला. भारतला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं नाही. तो शिक्रापूरच्या कंपनीत, घरी यायचा रविवारी. सोजरबाईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. माळकरी बाई. एकादशी चुकली नाही, तोंडातून खोटा शब्द कधी गेला नाही. नकुशी रात्रंदिवस पोटावर हात फिरवून चाचपायची, जणू बाहेरून कळणार होतं. बाळ हललं तरी दचकायची, नाही हललं तरी दचकायची. मुलगाच हवा होता म्हणून माहेरी तिचं नाव नकुशी ठेवलेलं. नको असणं म्हणजे काय, ते तिला नव्यानं शिकायचं नव्हतं.

दौंडच्या दवाखान्यात मुलगी झाली. चांगली धडधाकट. फक्त वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला.

"ग्रहणाचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही बाळांना होतं असं. ऑपरेशननं ओठ जुळतो."

नकुशीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांपुढं ती भिंतच होती.

बारशाला खोली बायांनी भरली. पाळणा टांगलेला, त्याच जागी. ताईबाईनं वाकून बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"अगं आई गं! नकुशे, खरं सांग. गिराणात काय चिरलंस?"

पाळणा म्हणणाऱ्या बाया थांबल्या. उंबऱ्यातला भारत वळून बायकोकडं बघू लागला. आता सांगून मोकळं व्हावं, होईल ते होईल, म्हणून नकुशीनं तोंड उघडलं.

"तिला काय इचारता?" सोजरबाई घुगऱ्या वाटत होत्या, हात न थांबवता बोलल्या. "खुरपं म्या चालवलं. ह्याच भिंतीला. ती बिचारी पाठ करून पडली व्हती. पोपडा दिसला आन् मला काय ऱ्हावलं न्हाई. झालं ते माझ्या हातनं. बोलायचं ते मला बोला."

नकुशीनं कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण जन्म ज्या भिंतींत गेला, त्यांच्यावरचा ग्रहणानंतरचा ताजा चुना सोजरबाईंना कळायचा राहतो होय?

भारतची नजर आईकडं वळली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. ताईबाई मात्र सोजरबाईंकडं एकटक बघत होती. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत त्या दोघी देवळात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. एका पुस्तकात बघून अभंग म्हणत होत्या. नकुशीखेरीज त्या खोलीत एवढ्या एका बाईला पक्कं ठाऊक होतं, की सोजरबाई खोटं बोलतायत.

ताईबाईनं तोंड उघडलं. नकुशीनं डोळे मिटून घेतले.

"व्हय की," ताईबाई म्हणाली. "भजनाला उशीर झाला म्हनून मीच बोलवाय आलते हिला. तवा खुरपं हिच्याच हातात व्हतं. म्या बघितलं ना या डोळ्यांनी." आणि तिनं पाळण्याची दोरी ओढली. "आता गप का गं समद्या? तोंडं शिवली का? म्हणा की पाळणा!"

पोरीचं नाव ऋतिका ठेवलं. पुढं तिचा ओठही जुळला. सुनेसाठी खोटं बोललेल्या सोजरबाईंचं नाव तर गावात अजून निघतं. तुम्ही मात्र 'रामकृष्णहरी' म्हणताना त्या ताईबाईची आठवण ठेवा.