माझ्याकडेच बघा ना!

विद्यापीठाच्या ओपन हाउसला बाप लेकीला कॉम्प्युटरच्या दालनाकडे ओढत होता आणि लेक समाजशास्त्राच्या टेबलापाशी हटून बसली होती. शेवटी वैतागून त्यानं टेबलामागच्या मॅडमना तोंडावरच विचारलं, "हे शिकून पोट भरतं का हो?"

मॅडम हसल्या. "काका, माझ्याकडेच बघा ना! इथंच शिकले, इथंच पीएचडी केली आणि आज इथंच तुमच्यासमोर उभी आहे."

मग माणसं घरात एक आणि चारचौघांत दुसरंच का वागतात, यावर त्या इतक्या जीव ओतून बोलल्या, की बाप कॉम्प्युटर विसरून खुर्ची ओढून बसला. स्वतःच्या घरातली रोजची धुसफुससुद्धा त्याला आज पहिल्यांदा उमगल्यासारखी वाटली.

"घे बाई तुला हवं ते," तो लेकीला म्हणाला, "पण व्हायचं तर या मॅडमसारखी हो!"

लेकीला आकाश ठेंगणं झालं. प्रवेश तिथल्या तिथे झाला, फीसुद्धा भरून झाली.

निघताना आभार मानावेत म्हणून बाप एकटाच मागे वळला. दालनात आवराआवर चालली होती. मॅडम गळ्यातला विद्यापीठाचा बिल्ला काढून, स्टॉलवर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला परत देत होत्या. बिल्ला खोक्यात टाकत तो म्हणाला,



"डॉक्टर मॅडम, उद्या मॉलमध्ये मिक्सरचा स्टॉल आहे. तिथंही असंच जीव ओतून बोला."