बेडकी

विन मॉकच्या भुयारात मी पाहुण्यांना फिरवते. युद्धात आमचं अख्खं गाव इथे जमिनीखाली राहिलं. बाळंतपणंही इथेच झाली. बाळंतिणीच्या कोनाड्यात आता प्लास्टरची आई बसवली आहे, मांडीवर प्लास्टरचं बाळ.

आमच्यात बाळाला कुणी गोड म्हणत नाही. ते ऐकून जमिनीखालचं काहीतरी बाळाला न्यायला येतं, म्हणतात. माझ्या लेकीला सगळे ‘बेडकी’च म्हणतात.

आज सायगॉनची एक पोरगी कोनाड्यात वाकून ओरडली, “अगंबाई, किती गोड!”

“गोड नाही, कुरूप म्हणा,” मी दटावलं.

“अहो ताई, प्लास्टरचं आहे ते!”

सगळे हसले. समुद्राकडचं तोंड भरतीमुळे बंद होतं, म्हणून आम्ही आल्या वाटेने परत फिरलो.

कोनाड्यातल्या आईने बाळाचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. मघाशी तिचे हात गुडघ्यांवर होते.

मी सगळ्यांना पुढे काढलं आणि शेवटची बाहेर पडले.

भुयाराच्या तोंडाशी सासूबाई माझ्या लेकीला घेऊन बसल्या होत्या. तिचं तोंड त्यांनी छातीशी घट्ट दाबून धरलं होतं.

“आई, तिला श्वास घेऊ द्या!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून भुयारात बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, “कुरूप आहे हो आमची! नकटी, अगदी बेडकी. उगाच एवढं वर आलात.”

“बघू तरी,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.