आचारसंहिता

निवडणूक लागली की राधाकिशनरावांना आपलं परवान्याचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागायचं. तेवढेच दिवस केशरबाईंना गाढ झोप यायची. एरवी ते नवऱ्याच्या उशाशी असायचं. एकदा त्यांनी माहेरी जायचा विषय काढला, तर राधाकिशनरावांनी ते त्यांच्या कपाळाला टेकवलं आणि हसत म्हणाले, "मोकळं हाय. भेतीस कावून?" मोकळं कधी आणि भरलेलं कधी, हे केशरबाईंना त्यानंतर कधीच विचारता आलं नाही.

यंदाही मतमोजणी झाली, गुलाल उधळून झाला आणि राधाकिशनराव जीप घेऊन ठाण्यात गेले. परतले ते पिस्तूल कमरेला लावूनच. ओसरीवरच्या माणसांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

आत भाकरी थापता थापता केशरबाईंनी हळू आवाजात सुनेला विचारलं, "तेजश्री, आता फुडचं इलेक्शन कवा हाय गं?"

सासूला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, हे तेजश्रीला ठाऊक होतं. तरी ती हसली नाही. तिने पदराआडचा मोबाईल पुढे केला.

"मीबी तेच बघायलेय, आत्याबाई."